ज्याच्यासाठी बोललो, तोच गप्प बसला

आधी पत्र. मोठं होतं, मी कमी केलंय, आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई, मी २८ वर्षांचा. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर मराठी. टॉवेलचा छोटा कारखाना आहे, मी आणि अण्णा, म्हणजे मोठा भाऊ, मिळून बघतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताने संभाजी तलावावर बसून मला सांगितलं की तो गे आहे. सांगायच्या आधी तासभर तो नुसत्या शेंगा सोलत होता, एकही खाल्ली नाही, रुमालावर दाण्यांचा ढीग झाला, मग तो रुमाल माझ्याकडं सरकवला आणि बोलला. मला काही सुचलं नाही, मी दाणे खात बसलो. रात्री झोप आली नाही, कारण कॉलेजात अशा पोरांची मीच लई टिंगल केली होती, त्याच्यासमोर. आता तो पुण्यात नोकरीला असतो. या गणपतीत आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लेझीम खेळणाऱ्या एका पोराचा व्हिडिओ टाकला, कंबर जास्त हलवतो म्हणून सगळे खाली घाण घाण लिहलालते. मी लिहिलं, त्या पोराचं काय चुकलं बे, व्हिडिओ काढा. झालं! तुला का मिरच्या झोंबल्या, तू पण तसलाच का बे? माझ्या फोटोचे स्टिकर केले. मी तीनदा लिहिलं की मी तसला नाही. तरी अजून कारखान्यापर्यंत ते बोलणं येतंय. एक स्थळ आलं होतं, मुलीच्या मामाने अण्णाला विचारलं, पोराचं काही भलतंसलतं नाही ना. अण्णा म्हणतो ग्रुपवर माफी माग आणि विषय संपव, लोकांच्या भानगडीत आपलं घर कशाला जाळायचं. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझा दोस्त त्याच ग्रुपमध्ये आहे. मी मेसेजच्या इन्फोत जाऊन बघितलं, त्याने सगळं वाचलं होतं. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला तर हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट मिळत नाही एवढंच बोलला. ज्याच्यासाठी बोललो, तोच गप्प बसला. मी बरोबर केलं का चूक? ग्रुप सोडू का? आणि लग्नाचं काय करू?"

अरे, लग्नाचं नंतर बघू, आधी दोस्ताचं बघू, कारण तुझ्या पत्रात मला तेच सगळ्यात जास्त दुखताना दिसलं.

जरा त्याच्या जागी बसून तो ग्रुप वाच. पुण्यात खोलीवर एकटा बसलाय, हातात मोबाईल, आणि ज्यांच्याबरोबर पहिलीपासून डबा खाल्ला ती पोरं त्या लेझीमवाल्या पोराला बायल्या म्हणतायत, छक्का म्हणतायत. मग तू बोललास, आणि तेच शब्द तुझ्याकडं वळले. तुला वाटलं ते तुला म्हणाले. त्याने वाचलं तेव्हा त्यातला एकेक शब्द त्याचाच होता, फक्त त्याचं नाव तिथं नव्हतं. तुझ्या बाजूने त्याने नुसता अंगठा दाखवला असता तरी पुढचा स्टिकर त्याचा झाला असता, आणि त्याला विचारलं असतं की तू पण का. तुझ्याकडं त्या प्रश्नाला खरं उत्तर आहे आणि ते देऊन तू मोकळा होऊ शकतोस. त्याला एक तर खोटं बोलावं लागलं असतं नाहीतर ६० जणांसमोर सगळं उघडं करावं लागलं असतं, आणि त्याचे आईवडील अजून सोलापुरातच राहतात ना? म्हणून गप्प बसला. तुझी त्याला किंमत नाही म्हणून गप्प बसला असं मनात आणू नकोस.

आणि एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. तू तीनदा लिहिलंस की मी तसला नाही. तेही त्याने वाचलं. तुझा पहिला मेसेज त्याच्यासाठी होता, त्या लेझीमवाल्या पोरासाठी होता, आणि तो लई चांगला होता. पुढचे तीन मेसेज तुझ्या स्वतःच्या बचावाचे होते. खोटं काही लिहिलं नाहीस, पण त्या गर्दीत, त्या टोनमध्ये, 'मी तसला नाही'चा अर्थ 'मी तो घाणेरडा माणूस नाही' एवढाच होतो. मला वाटतं त्याने म्हणूनच तिकिटाचं बोलणं काढलं असेल. फोन केला हे लक्षात घे. विषय काढायची हिंमत झाली नसेल पण आवाज ऐकावासा वाटला, दुसऱ्याच दिवशी वाटला.

तुझं जे झालंय ते नवीन नाही. अर्व्हिंग गॉफमन नावाचा समाजशास्त्रज्ञ होता, त्याने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की ज्याच्यावर समाजाने डाग लावलाय त्याच्या शेजारी जो उभा राहतो त्याच्यावरही तो डाग थोडा उडतो, बायकोवर, मुलांवर, दोस्तावर. आपल्याला हे अमेरिकेतून शिकायची गरज नाही म्हणा. कुष्ठरोगी माणसाच्या बहिणीचं लग्न जमायचं नाही, हे आपल्याकडं आपल्याच आजी-आजोबांनी बघितलंय. बहिणीला काही झालेलं नसायचं, ती फक्त भावाला जेवायला वाढायची. तुझ्याबाबतीत त्या मामाने जो प्रश्न विचारला तो त्याच जातीचा आहे. असं झाल्यावर बहुतेक माणसं दोन पावलं मागं सरकतात, म्हणजे समोरच्याला काय त्रास आहे हे कळत असूनही आपल्यावर येऊ नये म्हणून लांब होतात. तू पण सरकू शकतोस, अण्णा तेच सांगतोय. त्याला मी वाईट म्हणणार नाही, घराची काळजी त्याला आहे, मामाचा तो प्रश्न त्याने समोरासमोर ऐकलाय, तू ऐकलेला नाहीस.

आता तू विचारलंयस बरोबर केलं का चूक. बरोबर केलंस. पण तुझं मत कसं बदललं तेही जरा बघ, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. तू काही वाचून बदलला नाहीस, कुणी तुला भाषण दिलं नाही, कोर्टाचा निकालही तू वाचला नव्हतास. एका ओळखीच्या माणसाने शेंगदाण्यांचा रुमाल तुझ्याकडं सरकवला, एवढ्यात तुझं कॉलेजातलं सगळं हसणं तुझ्यावर उलटलं. जवळपास सगळ्यांचं असंच होतं. ज्याला लहानपणापासून ओळखतो, ज्याची चप्पल, ज्याचा खोकला ओळखू येतो, तो माणूस 'तसला' या शब्दात मावत नाही, मग शब्दच सोडून द्यावा लागतो.

माझंही असंच झालं. साधारण २५ वर्षांपूर्वी मी एका शाळेत शिकवत होते. नववीत एक मुलगा होता, मुलींत बसायचा, गॅदरिंगला रांगोळी त्याचीच असायची. एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एका सरांनी त्याच्या चालण्याची नक्कल केली आणि आम्ही सगळे हसलो. मी पण हसले, मोठ्याने. दारात तो वह्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता. आत आला, गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी वह्यांच्या कडा सरळ केल्या, आणि गेला. काही बोलला नाही, रडला नाही. त्या कडा सरळ करणारे हात मला अजून दिसतात. मी त्याच्याशी त्यावर कधीच बोलले नाही, दहावीआधी तो शाळा सोडून गेला, आता कुठं असेल ठाऊक नाही. मी या विषयावर आज इतकं का लिहिते असं विचारणाऱ्यांना हेच कारण आहे.

म्हणून तुला सांगते, कॉलेजातलं मनात ठेवू नकोस, तुझ्याकडं अजून तो माणूस आहे. त्याला एकदा, थोडक्यात, सरळ सांग की मी तेव्हा जे बोलायचो ते चुकीचं होतं, तुझ्यासमोर बोललो, माफ कर. मग थांब. त्यानंतर तासभर स्वतःला शिव्या देत बसलास तर तुला समजवायचं काम परत त्याच्याच गळ्यात पडेल.

मत उशिरा बदललं, मनात अजून काहीतरी अडतंय, म्हणून मी बोलायला नालायक, असंही समजू नकोस. मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश, त्यांच्यासमोर २०२१ मध्ये दोन मुलींची केस आली, मदुराईहून घर सोडून चेन्नईला आलेल्या, एकमेकींबरोबर राहायचं म्हणून. न्यायाधीशांनी उघडपणे मान्य केलं की मला यातलं नीट समजत नाही, माझ्याही मनात पूर्वग्रह आहेत, आणि निकाल लिहायच्या आधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडं जाऊन बसले, समजून घ्यायला. हायकोर्टाचा जज! मग ७ जून २०२१ ला त्यांनी जो आदेश दिला त्यात अशा लोकांना 'बरं' करायच्या नावाखाली उपचार करण्यावर बंदी घालायला सांगितलं, आणि पुढं २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी तो प्रकार गैरवर्तन ठरवला. मला नाही समजत असं म्हणण्यापासून तो माणूस एवढ्या लांब आला.

आणि मराठीतलंच एक. र. धों. कर्वे १९२७ पासून समाजस्वास्थ्य नावाचं मासिक काढायचे, त्यात वाचक प्रश्न विचारायचे आणि ते उत्तरं द्यायचे, हस्तमैथुन, समलिंगी संबंध, ज्यावर कुणी तोंड उघडायचं नाही त्यावर. म्हणजे तू आणि मी आत्ता जे करतोय तेच. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. विचार कर, बाबासाहेबांच्या अंगावर तेव्हा केवढा मोठा लढा होता, विरोधक टपून बसलेले, आणि तरी असल्या विषयाची केस घेतली. हरले ती केस, कर्व्यांना दंड झाला. आपल्या सोलापुरात बाबासाहेबांच्या जयंतीची केवढी मिरवणूक निघते, तुझ्या ग्रुपातली निम्मी पोरं त्यात नाचत असतील, त्यांच्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे? त्यांना तोंडावर मारायला हे वापरू नकोस. तुला स्वतःला एकटं वाटेल तेव्हा आठवायला सांगितलं.

आता 'तू पण तसलाच का बे' याला काय बोलायचं. माझ्या मते, असलो असतो तर काय झालं असतं? एवढंच. राग न करता, हसून नाही, नीट डोळ्यात बघून, आणि मग थांबायचं. पुढं काही लिहायचं नाही, बोलायचं नाही, त्यांना त्या प्रश्नाचं उत्तर शोधू दे. स्टिकर येतील अजून दोन-चार, येऊ देत. स्टिकरवाल्यांना तू चिडलेला बघायचाय. तू नकार देणं थांबवलंस की त्या प्रश्नातली हवाच जाते. हे बोलायला सोपं आहे, करताना पोटात गोळा येतो, मला माहीत आहे.

पण जपून. तू किती आणि कुठं बोलायचं हे तू एकट्याने ठरवायचं नाही, दोस्ताला विचारून ठरव. तुम्ही दोघं पहिलीपासून चिकटलेले, सगळ्यांना माहीत. तू फार तावातावाने भांडायला लागलास तर एखादा हुशार माणूस दोन आणि दोन चार करेल, आणि मग तुझ्या चांगुलपणाचं बिल त्याच्या नावाने फाटेल. 'माझा एक जवळचा मित्र तसा आहे' हे वाक्य कितीही तोंडावर आलं तरी ग्रुपवर, कारखान्यात, अण्णासमोर, कुठंच नको. त्याची गोष्ट त्याची आहे, तुला फक्त ऐकायला दिली होती. हे मुद्दाम लिहिते कारण तुझ्या पत्रात तू त्याचं पूर्ण नाव लिहिलं होतंस, कंपनी लिहिली होतीस, पुण्यात कुठं राहतो तेही. मी ते पान फाडून टाकलंय. तुझा हेतू वाईट नव्हता, मन मोकळं करायचं होतं, पण एक अनोळखी बाई, तिच्याकडं तू त्याचं सगळं देऊन टाकलंस. पुढं असं करू नकोस.

अण्णाशी मात्र बोल. कारखान्यात कामगारांसमोर नाही, घरात अम्मासमोर पण नाही. दोघंच असाल तेव्हा, गाडीवर एमआयडीसीकडं जाताना वगैरे, गाडीवर बरं असतं, एकमेकांचं तोंड दिसत नाही. दोस्ताचं काढू नकोस, त्या लेझीमवाल्या पोराचंच बोल. ते पोरगं कुणाचं तरी धाकटं आहे, महिनाभर सराव केला असेल, मिरवणुकीत मनापासून खेळला, आणि आता त्याचं तोंड गावभर फिरतंय. अण्णाला विचार, मी असतो तिथं तर तू काय केलं असतंस? अण्णा लगेच बदलणार नाही. त्याला शब्दच नाहीत, तूच लिहिलंयस ना की तेलुगूत काय आणि मराठीत काय, घरात या गोष्टीला शिवी सोडून शब्द नाही. तू त्याच्यासमोर समलिंगी हा साधा शब्द चारदा वापर, साध्या आवाजात, पाऊस पडतोय म्हणावं तसा. शब्द तोंडात बसायला पण वेळ लागतो.

तो म्हणेल हा आजार आहे. तर १७ मे १९९० ला जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलं की हा आजार नाही. तो म्हणेल गुन्हा आहे. ते ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या कायद्यात घातलेलं, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सज्ञान माणसं आपल्या मर्जीने एकत्र येत असतील तर तो गुन्हा नाही. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलंय की इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी, आणि त्यांच्या कुटुंबांचीही. कुटुंबांचीही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुझ्या घरी आज जे चाललंय ते कुणीतरी तिथं बसून ओळखलं होतं. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही, तो संसदेने बघावा म्हणून कोर्टाने सोडून दिला. ती केस चालू होती तेव्हा स्वीकार नावाच्या पालकांच्या गटातल्या ४०० हून जास्त आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, आमच्या मुलांची लग्नं आमच्या डोळ्यांदेखत कायद्याने होऊ द्या म्हणून. पण हे सगळं अण्णाला एका दमात फेकून मारू नकोस, फॉरवर्ड तर अजिबात करू नकोस. त्याने विचारलं तर एकेक सांग. माफी मागायची नाही एवढं त्याला स्पष्ट सांग. कशाची माफी मागणार आहेस?

ग्रुपचं तुझं तू ठरव. म्यूट करून ठेवलास तरी चालेल, सोडलास तरी कुणी तुला पळपुटा म्हणणार नाही, निदान मी नाही. फक्त सोडायचा असेल तर भांडून भलामोठा मेसेज टाकून सोडू नकोस, कारण दोस्त तिथंच राहणार आहे आणि मागं जे बोलतील ते त्याला एकट्याला वाचावं लागेल. पत्रात शेवटी तू सहज एक ओळ लिहिलीस की ग्रुपातल्या एकाने तुला पर्सनलवर 'बरं केलंस' असा मेसेज पाठवला आणि पाच मिनिटांत डिलीट केला. त्याला कधीही विचारू नकोस का पाठवला आणि का काढला. नुसतं भेटल्यावर नीट बोल. ६० जणांत अजून एखादा तरी तुझा तो मेसेज वाचून त्या रात्री शांत झोपला असेल. तुला ते कधी कळणार नाही.

स्थळाचं. पहिलं म्हणजे, लोकांची तोंडं बंद करायला घाईत लग्न करू नकोस. ज्या मुलीबरोबर जन्म काढायचा तिला पुरावा म्हणून घरात आणणं हा तिच्यावर अन्याय आहे. मामाला उत्तर द्यायच्या भानगडीत पण पडू नकोस. कांदेपोह्यांनंतर दोघांना बोलायला बसवतात ना, दहा-पंधरा मिनिटं, तेव्हा पगार आणि जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचा का यातच वेळ घालवू नका. तिला हा किस्सा सांग, लेझीमचा, ग्रुपचा, स्टिकरचा. तिला कुणीतरी सांगणारच आहे, तुझ्या तोंडून आधी जाऊ दे. तिचा चेहरा बघ. ती हसेल, गप्प होईल, किंवा विचारेल त्या पोराचं पुढं काय झालं. असं विचारणारी मिळाली तर मला कळव, मी पेढे घेऊन येते. न जमलं तर ते स्थळ गेलं म्हणून वाईट वाटून घे दोन दिवस, वाटणारच, पण तुझ्या दोस्ताला घरी जेवायला बोलावताना बायकोची परवानगी चोरून काढावी लागेल असं घर मांडण्यापेक्षा ते बरं.

रात्री झोप येत नाही असं दोनदा लिहिलंयस. १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलायचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही. तुला लागलं म्हणून फोन कर, दोस्तासाठी नको, तो त्याचं बघेल. तुला लागलंय हे खरं आहे. त्याच्या मानाने माझं काय एवढं, असं म्हणून ते दाबत बसू नकोस.

या शनिवारी त्याला फोन कर. ग्रुपवर का बोलला नाहीस हे विचारू नकोस. विचार की मी जे लिहिलं ते तुला कसं वाटलं, आणि पुढच्या वेळी असं झालं तर मी काय करावं असं तुला वाटतं. तो बराच वेळ गप्प बसेल, फोन ठेवू नकोस. आणि हुतात्माचं तिकीट खरंच मिळत नसेल तर त्याला एसटीने ये म्हणावं. गड्ड्याच्या जत्रेला अजून वेळ आहे, त्याआधी एकदा तलावावर जाऊन बसा, शेंगा या वेळी तू घेऊन जा आणि तू सोल. तो काय म्हणाला ते मला लिही, पण आधी त्याला विचारून. आणि नाव नको.